बाळाच्या बोटाला बसलेला केसाचा फास: ओळखावा कसा, सोडवावा कसा

दूध पिऊन झाले आहे, लंगोट कोरडा आहे, अंगात ताप नाही, तरीही बाळ तासाभरापासून एकाच सुरात किंचाळत आहे आणि कडेवर घेऊन फिरवले तरी शांत होत नाही. अशा वेळी घरातल्या मोठ्यांचे लक्ष पोटदुखीकडे, कानाकडे किंवा येऊ घातलेल्या दातांकडे जाते. पायमोजे काढून दहाही बोटे एकेक करून पाहावीत, हे मात्र फार थोड्यांना सुचते. क्वचित कधी त्या पायमोज्याच्या आत एक बोट टम्म सुजून लालजांभळे झालेले असते आणि त्याच्या बुडाशी एक केस इतका घट्ट रुतलेला असतो की तो डोळ्यांना दिसतही नाही.

या अवस्थेला वैद्यकीय भाषेत हेअर टुर्निकेट म्हणतात. टुर्निकेट म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी हातापायाला करकचून बांधायची पट्टी. इथे तेच काम एखादा केस किंवा कपड्याचा सुटलेला धागा करतो. ही दुखापत वारंवार घडणारी नाही, परंतु ती वेळेवर ओळखली तर बोट पूर्णपणे बरे होते आणि ओळखायला फार उशीर झाला तर बोटाचा भाग गमवावा लागू शकतो. या दोन टोकांमधले अंतर बहुतेक वेळा फक्त पाहण्याचे असते, म्हणून या लेखात उपचारांइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

फास बसतो कसा आणि आवळत का जातो

माणसाचा केस अतिशय बारीक असला तरी ताण सहन करण्याच्या बाबतीत चिवट असतो. तो ओला झाला की थोडा लांबतो आणि वाळताना पुन्हा आखडतो. अंघोळीनंतर ओलसर पायावर पायमोजा चढवला आणि आत एखादा केस अडकलेला असला, तर बाळाच्या सततच्या पाय झाडण्याने तो बोटाभोवती एकदा, दोनदा, कधी कधी अनेकदा गुंडाळला जातो आणि वाळता वाळता आवळतो. हातमोज्यांच्या आतल्या शिवणीतून निघालेले दोरे हाताच्या बोटांच्या बाबतीत हेच करतात.

पुढचा घटनाक्रम समजून घेतला तर घाई का करायची ते आपोआप कळते. फासाखाली सर्वांत आधी दबतात त्या पातळ भिंतींच्या नीला आणि लसिकावाहिन्या, म्हणजे बोटातून रक्त आणि द्रव परत नेणाऱ्या वाटा. बोटाकडे रक्त आणणाऱ्या रोहिण्यांमध्ये दाब जास्त असल्यामुळे त्या काही काळ सुरू राहतात. परिणामी रक्त आत येत राहते, बाहेर जात नाही आणि बोट फुगते. फुगलेल्या बोटावर तोच फास अधिक घट्ट बसतो, त्यामुळे सूज आणखी वाढते आणि हे चक्र आपोआप थांबत नाही. अखेरीस रोहिण्याही दबतात, बोटाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि दरम्यान केस दोऱ्याप्रमाणे कातडी कापत आत शिरतो. बरेच दिवस लक्षात न आल्यास त्यावर नवीन त्वचा चढते आणि केस बाहेरून पूर्ण दिसेनासा होतो. अशा दुर्लक्षित बाळांमध्ये केस हाडापर्यंत पोहोचल्याचेही वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहे.

कोणत्या वयात, कोणत्या जागी

ही दुखापत मुख्यतः आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांत होते. त्यामागे एक सरळ कारण आहे. गर्भारपणात संप्रेरकांच्या प्रभावामुळे आईचे केस नेहमीपेक्षा कमी गळतात आणि प्रसूतीनंतर साधारण २ ते ४ महिन्यांनी ते एकदम मोठ्या प्रमाणात गळू लागतात. नेमक्या त्याच काळात बाळ सतत आईच्या अंगाखांद्यावर असते, पाय जोराने झाडू लागलेले असते आणि काय दुखते ते सांगू शकत नाही.

पायाच्या बोटांना केसाचा फास सर्वाधिक वेळा बसतो, त्यातही मधल्या आणि त्याच्या शेजारच्या दुसऱ्या बोटाला. एकाच केसात शेजारची दोन-तीन बोटे एकत्र सापडणेही शक्य असते. हाताच्या बोटांचा त्रास तुलनेने अधिक लहान बाळांत, म्हणजे हातमोजे घातले जाण्याच्या वयात आढळतो आणि तिथे केसापेक्षा धागा असण्याची शक्यता जास्त असते. तिसरी जागा जननेंद्रियांची: मुलग्यांमध्ये शिश्न, मुलींमध्ये भगोष्ठ किंवा शिश्निका. ही जागा बोटांइतक्या वेळा सापडत नाही, पण तिथे वयाचे बंधनही तितकेसे नसते. रांगणाऱ्या, चालणाऱ्या आणि त्याहून मोठ्या मुलांतही ती दिसते. जीभ किंवा पडजीभ यांना केस गुंडाळला गेल्याची उदाहरणे फार दुर्मीळ आहेत.

तपासणी: कपडे उतरवून, उजेडात, दोन्ही बाजू ताडून

कारण न कळता रडणाऱ्या बाळाची तपासणी करताना अंगावरचे सर्व कपडे काढावेत. सर्व म्हणजे टोपी, पायमोजे, हातमोजे आणि लंगोटही. पाय झाकलेले सलग कपडे घातलेले असतील तर नुसते वरून चाचपून समाधान मानू नये. खिडकीजवळ किंवा चांगल्या दिव्याखाली बाळाला उताणे ठेवावे, एकाने हातपाय हलकेच धरावेत आणि दुसऱ्याने पाहावे. एकट्याने करायचे झाल्यास बाळाला दूध पाजत असताना पाय पाहणे सोपे जाते.

प्रत्येक बोट शेजारच्या बोटापासून अलग करावे. बोटांच्या बेचक्या, बोटांची खालची बाजू आणि बुडाची वळी हे तीन भाग नजरेतून हमखास सुटतात. पहिली खूण दिसते ती सुजेची हद्द. फासाच्या पुढचा, म्हणजे नखाकडचा भाग सुजलेला, लाल किंवा जांभळट आणि चकचकीत दिसतो, तर फासाच्या मागचा पायाकडचा भाग अगदी नेहमीसारखा असतो. या दोहोंच्या मध्ये सुरीने ओढल्यासारखी सरळ, गोल खाच असते. ही हद्द हीच या निदानाची खरी किल्ली आहे. केस दिसला नाही तरी चालेल, पण अशी गोल खाच दिसली की तिथे केस आहे असे धरूनच पुढे वागावे.

गडद वर्णाच्या बाळांमध्ये लाली चटकन कळत नाही. तिथे रंगापेक्षा जाडी, त्वचेची चकाकी आणि स्पर्श यांवर अधिक भर द्यावा आणि दुसऱ्या पायाचे तेच बोट शेजारी ठेवून तुलना करावी. नखाखालचा रंग मात्र प्रत्येक वर्णात वाचता येतो. बोटाचे टोक सुमारे ५ सेकंद दाबून सोडले की नखाखालची फिकट झालेली जागा २ ते ३ सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. तसे न होणे, बोट शेजारच्या बोटांपेक्षा गार लागणे किंवा ते पांढरट, राखाडी अथवा काळपट दिसणे, हे रक्तपुरवठा थांबत चालल्याचे लक्षण आहे.

खाच सापडल्यावर केस शोधण्यासाठी भिंग घ्यावे, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहावा. टॉर्चचा उजेड समोरून पाडण्याऐवजी बाजूने, त्वचेला जवळजवळ समांतर पाडला तर केसाची बारीक सावली दिसते. खाचेच्या दोन्ही बाजूंची त्वचा बोटांनी हलकेच ताणली की रुतलेला केस कधी कधी वर येतो. पांढरे आणि फिकट रंगाचे केस, तसेच नायलॉनचे पारदर्शक धागे या सगळ्या प्रयत्नांनंतरही दिसत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

बोटे निर्दोष निघाली तरी लंगोटाखालची तपासणी टाळू नये. संकोचामुळे किंवा घाईमुळे हा भाग नीट पाहिला जात नाही आणि म्हणूनच तिथले निदान उशिरा होते.

कशाशी गल्लत होते

सुजलेले लाल बोट पाहून सर्वप्रथम जंतुसंसर्गाचा संशय येतो आणि औषध सुरू होते. संसर्गातली लाली मात्र कडेला हळूहळू विरत जाते, नखाच्या कडेला पू झाला असेल तर सूज नखापाशी जास्त असते, आणि कीटक चावल्यास मध्यभागी चाव्याचा ठिपका सापडतो. यांपैकी कशातही बोटाभोवती सलग गोल खाच नसते. जन्मतःच असलेले गर्भावरणाच्या पट्ट्यांचे आवळ (गर्भाशयात बाळाभोवतीच्या पिशवीचे तंतू गुंडाळले जाऊन पडलेल्या खाचा) दिसायला काहीसे असेच असतात, पण ते पहिल्या दिवसापासून असतात आणि बाळ त्यामुळे अचानक रडू लागत नाही. शिश्नाच्या टोकाची सूज ही पुढची त्वचा मागे अडकल्यामुळे किंवा तिथल्या दाहामुळेही येते. तो निवाडा घरी करण्याचा प्रयत्नच करू नये.

संसर्गाचे औषध सुरू करूनही बोट एका दिवसात तसेच राहिले किंवा अधिक फुगले, तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे: ‘केसाचा फास असू शकतो का, भिंगाने पाहाल का?’ हा प्रश्न विचारण्यात अनादर नाही.

घरी हात घालावा की थेट रुग्णालय गाठावे

घरी प्रयत्न करण्याची मुभा एकाच परिस्थितीत आहे: केस स्पष्ट दिसतो, त्वचा कुठेही कापलेली नाही, बोट गुलाबी किंवा लाल व उबदार आहे आणि नखाखालचा रंग वेळेत परत येतो. यातली एकही अट पूर्ण होत नसेल, तर लगेच तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयात निघावे. केस दिसत नाही पण खाच आहे, बोट जांभळे, पांढरे किंवा काळे पडले आहे, रक्त किंवा पाणी येत आहे, एकाहून अधिक बोटे सापडली आहेत, किंवा फास जननेंद्रियावर वा तोंडात आहे, अशा कोणत्याही स्थितीत घरी चिमटा हातात घेणे म्हणजे वेळ वाया घालवणे होय. रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. किती इजा होईल हे फास किती घट्ट आहे आणि तो किती काळ राहिला यावरच अवलंबून असते.

निघताना बाळाचे शेवटचे दूध किती वाजता झाले ते लिहून घ्यावे. केस सोडवण्यासाठी भूल किंवा गुंगीचे औषध द्यावे लागले तर डॉक्टर हे सर्वांत आधी विचारतात. वाटेत पाजावे की नाही हे फोनवर विचारून घेता आले तर उत्तम. बोटावर काहीही बांधू नये, बर्फ लावू नये (गारव्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात), आणि सूज उतरवण्यासाठी चोळू नये. पाय शक्य तितका उंच धरलेला असावा.

घरी सोडवताना

हात साबणाने धुवावेत. बाळाला दुसऱ्या माणसाच्या मांडीवर द्यावे, कारण एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने चिमटा सांभाळणे धोक्याचे आहे. बोट कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन कोरडे टिपून घ्यावे. तेल किंवा मलम लावण्याचा मोह होतो, परंतु तेलकट केस चिमट्यातून निसटतो आणि पुढे केस विरघळवणारे क्रीम वापरायची वेळ आली तर ते तेलाच्या थरामुळे केसापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ते टाळलेलेच बरे.

आता केसाचे मोकळे टोक शोधावे. ते बहुधा बोटाच्या खालच्या बाजूला किंवा बेचक्यात असते. टोक मिळाले तर बारीक चिमट्याने ते धरून गुंडाळण्याच्या उलट दिशेने, एकेक वेढा सोडत जावे. टोक धरून सरळ ओढू नये. ओढल्याने उरलेले वेढे अधिक आवळतात आणि केस मध्येच तुटून टोक हरवते. टोक सापडत नसेल आणि एखादा वेढा त्वचेपासून सुटा उचलता येत असेल, तरच तो बोथट टोकाच्या लहान कात्रीने कापावा. कात्रीचे पाते त्वचेखाली खुपसून केस ‘खणून’ काढू नये. ब्लेड, सुई आणि टोकदार नेलकटर यांना या कामात अजिबात स्थान नाही. सुजलेल्या बोटात रक्तवाहिन्या आणि नसा त्वचेच्या अगदी जवळ असतात, आणि रडणारे बाळ कोणत्या क्षणी पाय झटकेल हे सांगता येत नाही.

एक वेढा कापला गेला म्हणजे फास सुटला, असे समजणे ही या उपचारातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. केस पुष्कळदा एकापेक्षा जास्त असतात, त्यांचे वेढे एकमेकांत अडकलेले असतात, आणि वरचा निघाला तरी खालचा आपले काम करत राहतो. चिमट्यात केस आला याला पुरावा मानू नये. पुरावा बोट देते: काही मिनिटांत त्याचा रंग सुधारला पाहिजे, खाच उथळ होऊ लागली पाहिजे आणि नखाखालचा रंग झटकन परतला पाहिजे. घरच्या प्रयत्नांना पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये. तेवढ्यात फास सुटला नाही, किंवा सुटला असे वाटूनही रंग बदलला नाही, तर थांबून निघावे.

केस विरघळवणारे क्रीम

नको असलेले केस काढण्यासाठी विकली जाणारी जी क्रीम असतात, त्यांतील थायोग्लायकोलेट वर्गातले रसायन केसामधल्या केराटिन या प्रथिनाचे बंध तोडते आणि केस मऊ पडून तुटतो. त्वचेला चिरा न देता केस निघत असल्यामुळे पुष्कळ डॉक्टर पहिला उपाय म्हणून हेच वापरतात. खाचेत रुतलेला, चिमट्यात न येणारा केस यामुळे निघू शकतो, ही त्याची मोठी सोय आहे.

त्याच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. सुती, नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या धाग्यावर ते काहीही परिणाम करत नाही, कारण त्यांत केराटिनच नसते. म्हणजे हातमोज्याच्या दोऱ्याचा फास असेल तर क्रीम लावून बसण्यात केवळ वेळ जातो. कापलेल्या किंवा सोललेल्या त्वचेवर, जननेंद्रियांवर, तोंडाजवळ आणि डोळ्यांजवळ ते लावायचे नसते. बाळाची त्वचा नाजूक असल्याने भाजल्यासारखी आग होऊ शकते. त्यामुळे घरी हे करायचे असल्यास डॉक्टरांशी फोनवर बोलूनच करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यांनी होकार दिल्यास क्रीमचा पुरेसा थर खाचेत सगळीकडून भरावा, बाळाचा हात किंवा पाय तोंडाकडे जाणार नाही असा धरून ठेवावा, पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त आणि कोणत्याही परिस्थितीत १० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि नंतर भरपूर कोमट पाण्याने धुऊन टाकावे. धुतल्यावर परत तोच प्रश्न: रंग सुधारला का? नसेल सुधारला तर दुसरा थर न लावता रुग्णालयात जावे.

रुग्णालयात काय केले जाते

पालकांना आधी माहीत असले तर पुढच्या गोष्टींची भीती कमी होते. डॉक्टर भिंगातून बोट पाहतात आणि त्वचा शाबूत असल्यास क्रीमचा किंवा उलगडण्याचा प्रयत्न करतात. केसाखाली बोथट सळई सरकवून, त्या सळईच्या आधाराने केस कापणे ही दुसरी पद्धत. बोट बधिर करण्यासाठी बोटाच्या बुडाशी इंजेक्शन देतात. रक्तपुरवठा आधीच अडलेला असल्याने त्यात साधारणपणे ॲड्रिनलिन (रक्तवाहिन्या आकसवणारे द्रव्य) नसलेले लिडोकेन हे बधिर करणारे औषध वापरतात.

केस खोल रुतला असेल किंवा त्वचेखाली गेला असेल तर छोटा छेद घ्यावा लागतो. बोटाच्या नसा आणि मुख्य रक्तवाहिन्या दोन्ही कडांनी धावतात, म्हणून हा छेद बहुधा बोटाच्या वरच्या बाजूला, मधोमध आणि बोटाच्या लांबीच्या दिशेने घेतात. तिथे असलेल्या स्नायुबंधाचे तंतूही त्याच दिशेने जात असल्याने तो आडवा कापला जात नाही. छेद पाहून पालक हबकतात. पण खोल गेलेले सगळे वेढे एकाच वेळी तुटल्याची खात्री यातूनच मिळते, आणि अशी छोटी जखम सहसा चांगली भरून येते. बोट धोक्यात असताना छेद नको म्हणून अडून बसू नये.

जननेंद्रियावरच्या फासासाठी मूत्ररोग किंवा बालशल्य तज्ज्ञांची मदत घेतली जाते आणि पुष्कळदा पूर्ण भूल देऊन केस काढला जातो. शिश्नावर केस खोल गेला तर मूत्रनलिकेला भोक पडून लघवी भलत्या जागेतून येऊ शकते आणि टोकाकडच्या संवेदनेलाही इजा होऊ शकते. यासाठी तिथे घरगुती प्रयत्नांचा विचारसुद्धा करू नये. बाळाने लघवी केव्हा केली होती, धार नेहमीसारखी होती का, हे आठवून सांगावे.

तपासणीदरम्यान डॉक्टर काही प्रश्न विचारतील: हे कधी लक्षात आले, बाळ कोणाजवळ होते, याआधी असे घडले होते का. धागा मुद्दाम बांधलेला दिसला, पक्की गाठ असली, किंवा असेच पुन्हा पुन्हा घडले, तर बाळाच्या सुरक्षिततेची चौकशी करणे त्यांचे कर्तव्यच असते. मात्र बहुसंख्य वेळा हा निव्वळ अपघात असतो, आणि तो अतिशय दक्ष घरांतही घडतो. आपल्या केसामुळे बाळाला त्रास झाला, या विचाराने खचलेल्या आईला हे कोणीतरी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

फास सुटल्यानंतरचे दिवस

रक्त परत खेळू लागले की बोट आधी चांगलेच लालबुंद होते. ही लाली चांगली खूण आहे. रंग काही मिनिटांत सुधारतो, पण सूज उतरायला काही दिवस लागतात आणि खाचेचा वळ त्यानंतरही काही काळ राहतो. बाळ साधारणपणे लवकर शांत होते. शांत झाले नाही तर दुसरा फास तर नाही ना, हे इतर बोटांवर आणि लंगोटाखाली पुन्हा पाहावे.

पहिल्या दिवशी दर काही तासांनी, झोपेतसुद्धा, बोटाचा रंग आणि उबदारपणा तपासावा. पायमोजा घालू नये, म्हणजे पाहणे सोपे जाते. दररोज त्याच उजेडात एक फोटो काढून ठेवला तर सूज कमी होते आहे की नाही याचा वाद राहत नाही. डॉक्टरांना २४ ते ४८ तासांत परत दाखवावे, सर्व ठीक वाटत असले तरीही. कारण त्वचेच्या आत उरलेला एखादा धागा याच तपासणीत सापडतो. त्वचा कापली गेली असेल तर धनुर्वाताची लस वेळापत्रकाप्रमाणे झाली आहे का ते सांगावे, आणि मलम किंवा प्रतिजैविक त्यांनी दिले तरच वापरावे. वेदनाशामकाचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून तेही विचारूनच द्यावे.

ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता परत जाण्याची कारणे अशी: बोट पुन्हा जांभळे किंवा गार होणे, सूज उतरता उतरता वाढू लागणे, पू किंवा ताप येणे, टोक काळे पडणे, किंवा बाळाने ते बोट हलवायचे थांबवणे.

पुन्हा घडू नये म्हणून

पायमोजे आणि हातमोजे घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी उलटे करून पाहावेत. सुटे दोरे ओढून काढू नयेत, शिवणीजवळ कापावेत. ओढल्याने आणखी दोरा उसवतो. हातमोजे शक्यतो टाळावेत आणि नखांनी ओरखडे येऊ नयेत म्हणून बाळाची नखे वेळच्या वेळी कापावीत. आईने आणि बाळाला घेणाऱ्या इतर लांब केसांच्या व्यक्तींनी केस बांधून ठेवावेत, बाळाला जवळ घेण्याआधी विंचरून सुटे केस काढून टाकावेत. बाळाचे कपडे मोठ्यांच्या कपड्यांबरोबर यंत्रात धुतले की सगळ्यांचे केस त्यांत येऊन अडकतात, म्हणून ते वेगळे धुवावेत आणि वाळल्यावर झटकून घ्यावेत.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी सवय अंघोळीच्या वेळची आहे. बाळाचे अंग टिपताना दहा बोटे पायांची, दहा हातांची आणि लंगोटाखालचा भाग अशी एक फेरी नजरेने मारावी. त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. लंगोट बदलताना पायांची बोटे पाहून घेतली तर दिवसातून आणखी पाच-सहा वेळा हीच तपासणी होते. प्रसूतीनंतरचे केस गळणे बहुतेक स्त्रियांमध्ये बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ओसरते, तोपर्यंत तरी ही फेरी चालू ठेवावी, आणि बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ती प्रत्यक्ष करून दाखवावी.